जुनी मांजर, नवा बोका – जमवायचं कसं?

खिडकीतलं_ऊन

आमच्याकडे ठकी आहे. वय सहा, तिरंगी, ऑपरेशन झालेली. सहा वर्षं एकटीच, त्यामुळे घर तिचं आहे आणि आम्ही दोघं तिच्याकडे राहतो असा तिचा समज आहे (तसा तो खोटाही नाही). गेल्या रविवारी ओळखीच्यांकडून बंड्या आला. केशरी, नऊ महिन्यांचा, नसबंदी झालेली, अखंड बडबड. त्यांना तो ठेवणं शक्य नव्हतं, आणि मला कित्येक दिवस वाटत होतं की ठकी दिवसभर एकटी असते, तिला सोबत होईल.

माझी चूक आधीच सांगते, म्हणजे तुमचे शोधायचे कष्ट वाचतील. कॅरियर हॉलच्या मधोमध ठेवला आणि दार उघडलं. ठकी सोफ्यावर लोळत होती. बंड्या बाहेर आला, आळस दिला आणि पत्ता विचारायला जावं तसा सरळ तिच्याकडे चालत गेला. ठकीची शेपूट बाटली धुवायच्या ब्रशएवढी झाली. ती फिस्कारली, हा थांबला नाही, तिने पंजा मारला, मग दोघांचा एक गोळा झाला. मी ‘ठके!’ म्हणून किंचाळले, त्याने भरच पडली. सगळं मिळून अर्धा मिनिट झालं असेल. ठकी कपाटावर, बंड्या सोफ्याखाली, हॉलभर केस.

तेव्हापासून बंड्या लहान खोलीत बंद आहे. ठकी त्या दाराबाहेर बसून गुरगुरते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्या पांघरुणावर शू केली, आयुष्यात पहिल्यांदा. त्याच्या खोलीतून बाहेर आले की मला हुंगते, फिस्कारते आणि निघून जाते. आज घोट्यावर बोचकारलं.

पहिल्याच भेटीत असं झालं म्हणजे कायमचं बिघडलं का? आता पुढे काय करू? आणि त्याला असं कोंडून ठेवणं क्रूरपणा नाही ना?

—

पाऊणशहाणा

कानामागून आला आणि तिखट झाला. 😄 ठकीची बाजू पूर्णपणे बरोबर आहे. तुम्ही सोफ्यावर पडलेल्या आहात आणि घरच्यांनी न विचारता एक अनोळखी इसम आणून हॉलमध्ये सोडला, ‘हा आता इथेच राहील’ म्हणून. तुम्ही काय त्याला पाणी विचारलं असतंत?

—

जुनं_खोड

एवढं काय त्यात. आमच्या घरी लहानपणापासून मांजरं येत-जात राहिली. कुणी ओळखीचे कार्यक्रम केले नाहीत. दोन दिवस भांडतात, मग आपापलं ठरवतात. माणसांनी मध्ये पडू नये. दार उघडा आणि स्वस्थ बसा.

—

चौघींची_आई

ऊन, कायमचं वगैरे काही बिघडलेलं नाही. पण आता दार उघडून स्वस्थ बसू नका.

जुनंखोडकाका, तुमचं चुकीचं म्हणत नाही, पण तुमच्याकडची मांजरं अंगणात, माळ्यावर, गच्चीत पांगत असणार. जिचं पटलं नाही ती निघून जात होती आणि आपण म्हणत होतो ‘ठरवलं त्यांनी’. बंद घरात निघून जायला जागाच नाही. मांजरीचा मूळ पूर्वज आफ्रिकेतला रानमांजर, एकट्याने शिकार करणारा. कुत्र्यांसारखी टोळी नाही, म्हणून भांडण झाल्यावर शेपूट घालून, लोळण घेऊन समेट करायची पद्धतही त्यांच्याकडे फारशी नाही. त्यांच्याकडे भांडण टाळायचा एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे लांब राहणं. तो काढून घेतला की जे उरतं ते तुमच्या हॉलमध्ये झालं.

आता ऊन, तुमच्यासाठी. पहिल्यापासून सुरुवात करायची. रविवार झालाच नाही असं समजा. बंड्याची खोली ही शिक्षा नाही, नव्या घरात आलेल्या मांजराला एक लहान खोलीच हवी असते. अख्खं घर एकदम अंगावर येतं. आत त्याचा शू-शीचा ट्रे, पाणी, खाणं (ट्रेपासून लांब), ओरबाडायला काहीतरी, आणि मुख्य म्हणजे एक पुठ्ठ्याचं खोकं, आडवं ठेवलेलं. उट्रेख्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांवर हे तपासलं होतं. लपायला खोकं मिळालेल्यांचा ताण, न मिळालेल्यांपेक्षा लवकर उतरला. खोकं फुकट असतं, त्यामुळे लोकांना त्यावर विश्वास बसत नाही.

मग वास. मांजरांची ओळख डोळ्यांनी होत नाही, नाकाने होते. गालात, हनुवटीला, कपाळाला त्यांच्या गंधग्रंथी असतात. ठकी दाराच्या कडेला, तुमच्या पायाला गाल घासते ना, तेव्हा ती ‘हे आमच्यातलं’ असा शिक्का मारत असते. एकत्र राहणारी मांजरं एकमेकांना अंग घासून सगळ्यांचा मिळून एक वास तयार करतात. बंड्याला तो नाही, म्हणून तो परका. तुम्ही त्याच्या खोलीतून येता तेव्हा तुमच्यावर त्या परक्याचा शिक्का असतो. घोट्यावरचा पंजा तुम्हाला नाही, त्याला होता.

एक स्वच्छ मोजा घ्या, हातात घाला, बंड्याच्या गालावरून हळू फिरवा. तो मोजा ठकीच्या वावरण्याच्या जागी ठेवा. तिच्या नाकाशी धरू नका, तिच्या अंथरुणावर तर मुळीच नको. तिला जाऊन हुंगायचा असेल तर ती जाईल. दुसरा मोजा तिचा, त्याच्या खोलीत. हुंगून पुढे गेली तर शाबास. फिस्कारली तर रागावू नका, उद्या मोजा आणखी लांब. पुढचं पाऊल, ती मोज्याला कंटाळली की.

—

सुईदोरा

मी पशुवैद्यक आहे. इथे नेहमी नुसती वाचायला येते, पण वरच्या कुणीच तब्येतीचा विषय काढला नाही म्हणून लिहिते.

बंड्याला तपासून आणलं आहे का? नवीन मांजर किमान दोन आठवडे वेगळी ठेवायला आम्ही सांगतो ते स्वभावासाठी नंतर, संसर्गासाठी आधी. फेलाइन ल्यूकेमियाचा, म्हणजे मांजरांच्या रक्ताच्या कर्करोगाचा विषाणू लाळेतून पसरतो, म्हणजे एका वाटीतलं खाणं, एकमेकांना चाटणं एवढं पुरे. एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू, मुख्यतः खोल चाव्यातून. दोन्ही माणसाला होत नाहीत. दोन्हींची रक्तचाचणी होते, पण संसर्ग नुकताच झालेला असेल तर पहिल्या चाचणीत सापडत नाही, म्हणून डॉक्टर महिना-दोन महिन्यांनी परत बोलावतात. तुमच्याकडे चकमक झालीच आहे, तेव्हा दोघांची त्वचा केस बाजूला करून बघा. मांजरीच्या सुळ्याची जखम वरून टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि दोन-तीन दिवसांनी तिथे गळू होतं.

पॅनल्यूकोपेनियाची (उलट्या-जुलाबाच्या जीवघेण्या आजाराची) लस दोघांचीही झालेली असायला हवी. तो विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो आणि हाताला लावायच्या अल्कोहोलच्या सॅनिटायझरला दाद देत नाही. नायटा असेल तर तो तुम्हालाही होईल, आणि त्याचं कल्चर (बुरशी वाढवून बघायची चाचणी) यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. पिसवा, जंत, कानातले माइट हे तर असतंच.

ठकीला लहानपणी सर्दीचा, डोळे येण्याचा त्रास होता का? मांजरीचा नागिणीच्या जातीचा विषाणू एकदा शिरला की आयुष्यभर शरीरात दबा धरून बसतो आणि ताण आला की डोकं वर काढतो. नवीन मांजराने आजार आणला असं लोकांना वाटतं. पुष्कळदा तो घरातल्याच मांजरीच्या अंगात असतो.

आणि पांघरुणावरची शू. तुम्ही ती ‘राग काढला’ म्हणून सोडून द्याल. तसं करू नका. ताणामुळे मांजरीच्या मूत्राशयाला सूज येते. शू वारंवार, थेंब थेंब, कळ आल्यासारखी होत असेल, रक्त दिसत असेल तर घेऊन जा. बंड्याच्या बाबतीत तर जास्तच सावध. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, ती तुंबली तर दिवस-दोन दिवसांत जिवावर बेततं. तो ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय आणि काही येत नाही असं दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका.

—

खिडकीतलं_ऊन

बाप रे. सुईदोरा, खूप आभार. बंड्याच्या लसी झालेल्या आहेत, कागद आहे. रक्तचाचणी नव्हती, ती उद्याच करते. ठकी पिल्लू असताना डोळ्यांतून पाणी यायचं, आणि खरंच, कालपासून शिंकतेय! मी बंड्यालाच दोष देत होते.

चौघींची_आई, मोजे घेतले. नवऱ्याचे.

—

पाऊणशहाणा

नवऱ्याचे धुतलेले ना? नाहीतर ठकीला तिसराच पाहुणा आलाय असं वाटेल.

—

खिडकीतलं_ऊन

दिवस ११

दोघांची चाचणी निगेटिव्ह. ठकीचं डोळ्याचं औषध चालू आहे. शू परत बाहेर झाली नाही.

मोज्याचा किस्सा. पहिल्या दिवशी मोजा हॉलच्या कोपऱ्यात ठेवला. ठकी पोटावर सरपटत गेली, मान जेवढी लांब होते तेवढी लांब केली, हुंगलं. आणि मग तोंड अर्धवट उघडून, वरचा ओठ उचलून तशीच बसून राहिली. शून्यात नजर. आमच्या हिला झटका-बिटका आला की काय म्हणून मी घाबरले. नंतर कळलं की तोंडाच्या वरच्या बाजूला, पुढच्या दातांमागे त्यांना आणखी एक वास घ्यायचं इंद्रिय असतं, जेकबसनचं. तिथवर हवा पोचवायला तोंड उघडतात. म्हणजे बाई मोजा वाचत होत्या.

पाचव्या दिवशी तिने त्याच मोज्यावर गाल घासला. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच नाचले.

आता दोघांचं खाणं बंद दाराच्या दोन बाजूंना सुरू केलंय. ठकीची वाटी पहिल्या दिवशी दारापासून सहा फरश्या लांब होती, तरी अर्धं टाकून गेली. आठ फरश्या केल्यावर खाल्लं. रोज अर्धी फरशी पुढे सरकवतेय. आज साडेपाच. पलीकडे बंड्या दाराला नाक लावून चपचप खातो, त्याला काही म्हणजे काही पडलेली नाही. त्याचा पंजा दाराखालच्या फटीतून बाहेर येतो तेव्हा ठकी खाणं थांबवून त्या पंजाकडे बघते. कुणी दाराखालून बिल सरकवावं तसं.

—

चौघींची_आई

फरश्यांचं गणित आवडलं. नियम एवढाच की तिने मान वर न करता, घाई न करता खाल्लं पाहिजे. तटतटून, एक डोळा दारावर ठेवून खात असेल तर तुम्ही एक फरशी जास्त पुढे आलात. आधी पोटोबा हे मांजरींना कुणी शिकवावं लागत नाही, पण भीती वाटली की पोटोबाही मागे पडतो. म्हणून वाटी हा तुमचा थर्मामीटर. आणि कुणीही खाणं पूर्ण सोडलं तर डाएट समजून खूश होऊ नका. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली, त्यातून जाड असेल, तर यकृतावर चरबी चढते. ते दुखणं भारी पडतं.

आता खोल्यांची अदलाबदल करा. ठकीला तुमच्या बेडरूममध्ये घ्या, दार लावा आणि बंड्याला तासभर घर हिंडू द्या. मग तो परत आत. तिला त्याची खोली बघायची असेल तर तीही. एकमेकांना न दिसता एकमेकांच्या जागी वावरणं. हे लोक गाळतात आणि तिथेच पुढे फसतात.

—

अर्धा_कप

ते भिंतीत लावायचं वासाचं यंत्र मिळतं ना, फेरोमोनचं (मांजरं गाल घासून सोडतात तसल्या वासाचं), ते लावू का? मीपण याच विचारात आहे. आणि कुणीतरी म्हणालं की दोघांच्या अंगाला एकच अत्तर लावलं की वास सारखा होतो?

—

सुईदोरा

यंत्र लावायला हरकत नाही. काही घरांत फरक पडतो, काहींत नाही. वरच्या पायऱ्या सोडून नुसतं ते लावलं तर नक्कीच पडत नाही.

अत्तर, सुगंधी तेल अजिबात नको. मांजर ते चाटून पोटात घेणार, आणि आपल्या यकृताला जे पदार्थ सहज निचरता येतात त्यांतले बरेच मांजरीच्या यकृताला येत नाहीत. फिनॉल त्यांतलाच, म्हणून शू पुसायला फिनाईलही नको. अमोनिया असलेलं क्लीनरही नको, त्याला शूसारखाच वास येतो, म्हणजे ‘इथेच करायची’ अशी पाटी लावल्यासारखं होईल. एन्झाइमवालं क्लीनर घ्या.

—

रातराणी_२

मी वाईट बातमी सांगणारी. पण कुणीतरी सांगायला हवं.

माझी दोन मांजरं तीन वर्षं एकत्र होती. गळ्यात गळे नाहीत, पण एका खिडकीत बसायची. एका संध्याकाळी खिडकीबाहेर रस्त्यावरचा बोका आला. माझी मोठी काचेवर धडकली, त्याच्यापर्यंत पोचता येईना, वळली आणि शेजारी बसलेल्या धाकटीवर तुटून पडली. मी हात घातला. मनगटावर दोन सुळे, आठवडाभर प्रतिजैविकं. हात कधीही घालू नका. पांघरूण टाका, मोठा पुठ्ठा मध्ये सरकवा, पण हात नाही.

त्यानंतर धाकटीला मोठी दिसली की ती शू करायची, इतकी धास्ती. पाच महिने मोजे, जाळी, डॉक्टरांनी दिलेली गोळी, सगळं केलं. शेवटी धाकटी माझ्या बहिणीकडे गेली. तिथे पहिल्या दिवसापासून सोफ्याच्या मधोमध झोपते. माझ्याकडे ती सोफ्यावर कधी चढायचीच नाही हे मला तेव्हा लक्षात आलं. म्हणजे आधीची तीन वर्षंही मी समजत होते तशी नव्हती.

—

चौघींची_आई

रातराणी, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. बहिणीकडे पाठवलंत ते हरणं नव्हे.

—

जुनं_खोड

हे वाचून थोडा विचारात पडलो. आमच्याकडे एक करडी भाटी होती, कायम माळ्यावर. आम्ही म्हणायचो ‘तिला एकांत आवडतो’. खाली दोन बोके होते.

—

खिडकीतलं_ऊन

दिवस २३

थोडी पीछेहाट.

दाराला जाळी लावली होती, त्यावर आधी चादर टाकलेली, रोज चार बोटं वर उचलायची. सगळं छान चाललं होतं. जाळीतून बघणं, फिस्कारणं, खाणं, परत बघणं. काल नवऱ्याने जाळी नीट अडकवली नाही. बंड्याने डोकं घातलं आणि आरपार. ठकी स्वयंपाकघरात पळाली, तो मागे. शेपटा फुगलेल्या, पण यावेळी गोळा झाला नाही. मी भाकरीचा, सॉरी, परातीचा आडोसा केला (हातात तीच होती) आणि बंड्याला खेळण्याची काठी दाखवत खोलीत नेलं. काठीवरचं पीस बघून तो जगातलं सगळं विसरतो.

आज परत चादर पूर्ण खाली. किती मागे जाऊ?

—

चौघींची_आई

दोन पावलं मागे, पहिल्यापासून नाही. ती शेवटची जिथे निवांत जेवली तिथे. बहुतेक तीन-चार दिवसांत परत याल. काठी भारीच, पण जाळीपुढच्या भेटीआधी दहा मिनिटं खेळवून त्याला दमवा. नऊ महिन्यांचा बोका म्हणजे नुसती स्प्रिंग. त्याला कुस्ती हवी असते, तिला झोप. त्याची हौस तुम्ही भागवली नाहीत तर तो तिच्याकडून भागवणार.

—

अर्धा_कप

खेळ आणि भांडण ओळखायचं कसं? माझ्याकडे (नुकतंच पिल्लू आणलंय) दोघं एकमेकांवर उड्या मारतात आणि मला प्रत्येक वेळी घाम फुटतो.

—

सुईदोरा

आवाज ऐका. खेळ साधारण मुका असतो. खेळात पाळ्या बदलतात, आत्ता हा वर, मग तो वर. मध्येच थांबून कुणीतरी पाय चाटत बसतं. नख्या आत असतात. भांडणात कान मागे चपटे, किंकाळ्या, केस उडतात, आणि पळणारा कायम एकच.

शंका आली तर दोघांना क्षणभर वेगळं करा. जो मार खात होता असं तुम्हाला वाटतंय तो परत त्याच्याकडे गेला तर खेळ होता. लपला तर नव्हता.

—

खिडकीतलं_ऊन

दिवस ३८

आता रोज दोन-तीन तास दोघं मोकळे असतात, मी समोर असताना. फिस्कारणं जवळपास बंद. मी इथे विजयाची पोस्ट टाकणार होते. ‘जमलं!’ असं शीर्षकही मनात होतं.

पण ठकीने गेल्या आठवड्यात परत बाहेर शू केली, बाथरूमच्या पायपुसण्यावर. डॉक्टरांनी लघवी तपासली, सगळं ठीक आहे. मग मी रविवारी दिवसभर नुसती बसून बघितलं, वहीत लिहून. चौघींची_आई, तुमचं ‘वाटी म्हणजे थर्मामीटर’ डोक्यात होतं, पण वाटीपाशी काहीच दिसेना. दोघं शेजारी शेजारी खातात.

मग दिसलं. आमच्याकडे दोन ट्रे आहेत, दोन्ही पॅसेजच्या टोकाला शेजारी शेजारी. बंड्या पॅसेजच्या तोंडाशी बसतो. काही करत नाही. बसतो. पंजे पोटाखाली घेऊन, पावासारखा. ठकी सोफ्यावरून उतरते, पॅसेजकडे जाते, तो दिसतो, थांबते. तो बघतो. ती खाली बसते आणि पाठ चाटायला लागते, जणू त्यासाठीच आली होती. मग परत सोफा. असं सकाळी नऊ ते दुपारी दोनमध्ये चार वेळा. एकदाही कुणी फिस्कारलं नाही. घरात इतकी शांतता होती की मी फोनवर मैत्रिणीला ‘आता अगदी गुण्यागोविंदाने राहतात’ असं सांगत होते, त्याच वेळी हे माझ्यासमोर चाललं होतं.

पहिले तीन आठवडे मी फक्त फिस्कारणं मोजत होते.

—

चौघींची_आई

बघितलंत ते भल्याभल्यांना दिसत नाही. फिस्कारणं म्हणजे ‘लांब राहा’ एवढंच. खरं तर सभ्यपणा आहे तो, मारायच्या आधी सांगणं. धाक घालणारं मांजर आवाज करतच नाही. ते वाटेत बसतं, रोखून बघतं, आणि दुसऱ्याने उठून गेलं की त्या जागेवर जाऊन पसरतं. आपण म्हणतो, किती गोड, तिची जागा आवडते त्याला.

बंड्या दुष्ट आहे असं मात्र नाही. त्याला बहुधा पॅसेजचं टोक आवडतं, सगळं घर दिसतं तिथून. पण ठकीला ते कळून उपयोग काय?

दोन मांजरं म्हणजे तीन ट्रे, आणि तीन ठिकाणी. शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजरीच्या हिशेबी एकच. तिला एका ट्रेपाशी जायला अशी वाट हवी जिथे तो दाराशी बसू शकत नाही, आणि निघायला दुसरी. झाकणवाला ट्रे असेल तर झाकण काढा, आत अडकल्यासारखं होतं. पाण्याच्या वाट्याही दोन जागी. आणि उंची वाढवा! कपाटावर जायला एक टप्पा, खिडकीत एक फळी, पॅसेजमध्ये एक रिकामी खुर्ची. जमिनीवरून त्याच्यासमोरून जाण्याऐवजी ती वरून जाईल. फळीला दोन्हीकडून उतरायला जागा ठेवा, नाहीतर वरती दुसरा पॅसेज तयार होईल.

तो रोखून बघायला लागला की मध्ये काहीतरी टाकून नजर तोडा, उशी, काठी, तुम्ही स्वतः. ओरडू नका त्याच्यावर. ठकी दिसली की ओरडा बसतो, एवढंच तो शिकेल.

—

पाऊणशहाणा

या धाग्यामुळे मी आता ऑफिसात कॉफीच्या यंत्राशी उभ्या राहणाऱ्या माणसाकडे वेगळ्या नजरेने बघतो. तो फक्त उभा असतो.

—

रातराणी_२

ऊन, तुम्ही अडतिसाव्या दिवशी बघितलंत. मी तीन वर्षं नाही.

—

अर्धा_कप

माणसाने डोळे हळू मिटून उघडले की मांजरीला बरं वाटतं म्हणतात, ते खरं का? मी करते, पण नवरा हसतो.

—

सुईदोरा

खरं आहे, हसू द्या त्यांना. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांचं २०२० साली त्यावर काम प्रसिद्ध झालं. माणसाने हळू डोळे मिटल्यावर मांजरांनीही तसेच मिटले, आणि तसं करणाऱ्या अनोळखी माणसाजवळ जायला ती जास्त तयार होती.

—

खिडकीतलं_ऊन

दिवस ५४

तिसरा ट्रे बेडरूममध्ये, दाराआड. (मला आवडलेलं नाही. ठकीला आवडलंय.) दुसरा पॅसेजमधून हलवून स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी. सोफ्यापासून खिडकीपर्यंत एक फळी, खिडकीपासून कपाटापर्यंत दुसरी. नवऱ्याने ठोकली आहेत, एक किंचित तिरकी आहे, ठकी तिरक्या फळीवरच बसते. शू बाहेर होऊन चौदा दिवस झाले.

बंड्या अजूनही पॅसेजच्या टोकाशी बसतो. काल ठकी सोफ्यावरून उठली, त्याच्याकडे बघितलं, फळीवरून चालत त्याच्या डोक्यावरून गेली आणि पलीकडे उतरली. त्याने मान वर करून सगळा प्रवास बघितला.

कुशीत झोपणं वगैरे काही नाही. सोफ्याच्या दोन टोकांना दोघं, मध्ये दोन उशांचं अंतर. उन्हाचा तुकडा सरकला की दोघं त्याच्यासोबत सरकतात, पण अंतर तेवढंच राहतं.

एक प्रश्न. पुढच्या आठवड्यात ठकीला दात साफ करायला भूल देऊन नेणार आहेत, दिवसभर तिथे राहील. परत आणताना काही करायचं का?

—

सुईदोरा

बरं झालं विचारलंत. ती दवाखान्याचा वास घेऊन येईल: औषधं, दुसरे प्राणी, भूल. बंड्याला ती परकी वाटू शकते, अनेक वर्षं एकत्र असलेली मांजरंही अशा वेळी एकमेकांना ओळखत नाहीत आणि हल्ला होतो. त्यात ती भुलीमुळे झोकांड्या खात असेल, त्याला ते आणखी विचित्र वाटेल. आल्यावर कॅरियर थेट बंद खोलीत. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत, शक्यतो रात्रभर, वेगळी. तिच्याच रोजच्या अंथरुणावर झोपू द्या. बाहेर काढाल तेव्हा दोघांना खायला देऊनच.

—

चौघींची_आई

आणि तिचं अंथरूण आदल्या दिवशी धुवू नका! मी एकदा स्वच्छतेच्या उत्साहात धुतलं होतं. एका दिवसात घराचा सगळा वास पुसला आणि चौघींनी मला चार दिवस ते ऐकवलं.

—

खिडकीतलं_ऊन

सोफ्यावरचा टॉवेल, ज्यावर आळीपाळीने दोघं झोपतात, तो आत्ताच उचलून लहान खोलीत ठेवलाय. नवरा तो मशीनला टाकायला निघाला होता. हातातून काढून घेतला.

जाळी परत लावतोय आम्ही. यावेळी कडी मी तपासणार.